आत्मविश्वासाच्या शिबिरात आपल्या वाट्याला मिनिटे किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुरवण्यांमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाच्या जाहिराती झळकू लागतात. ‘दोन दिवसांत स्टेज डेअरिंग’, ‘न्यूनगंडाला रामराम’ वगैरे. चौकशीचा फोन करणारा पालक पहिल्यांदा फी विचारतो. खरे तर आधी विचारायला हवे ते असे : तुकडीत किती जण आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण किती मिनिटे उभा राहून बोलणार?

हिशेब करून पाहा. शिबिर दोन दिवसांचे, रोज सहा तास, म्हणजे ७२० मिनिटे. सभागृहात ६० जण. दोन तृतीयांश वेळ व्यासपीठावरचे सर बोलणार असे धरले तर उरतात २४० मिनिटे, माणशी चार. आता दहा जणांचा वर्ग घ्या : आठवड्यातून एकदा दीड तास, आठ आठवडे. हीसुद्धा ७२० मिनिटेच. निम्मा वेळ शिकणाऱ्यांना मिळाला तरी माणशी ३६ मिनिटे होतात. शिवाय ती आठ वेगवेगळ्या दिवशी मिळतात. पोटात गोळा येतो, तरी माणूस जातो, बोलतो, सुखरूप घरी येतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जातो. भीती उतरते ती या येण्याजाण्यात.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार झरे सांगितले : स्वतः करून पाहिलेले, आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिलेले, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. त्यांत पहिला सर्वांत भक्कम. मोठी शिबिरे मुख्यतः तिसरा विकतात. टाळ्या आणि घोषणांनी रविवारी संध्याकाळी छाती फुगते आणि बुधवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज पुन्हा घशात अडकतो. कारण सराव झाला तो टाळ्या वाजवायला बसलेल्या अनोळखी लोकांसमोर. घड्याळाकडे बघणाऱ्या साहेबांसमोर तो झालेलाच नसतो.

निखाऱ्यांवरून चालवणारी शिबिरेही आहेत. पांढरी राख धरलेला लाकडी कोळसा उष्णता फार हळू पोहोचवतो आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकते, म्हणून झपझप चालणाऱ्याचा पाय सहसा भाजत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हेच चालून दाखवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी कुणी वर्गाबरोबर गळ्यात मारत असेल तर तिथून उठावे. तिला शास्त्रीय आधार नाही.

वर्ग चांगला की नाही, हे एक तास मागे बसून कळते. बसू देत नसतील तर तेही उत्तरच. शिकणारा दोन मिनिटे बोलतो. मग शिकवणारा काय म्हणतो ते ऐका. ‘छान, अजून कॉन्फिडन्स हवा’ हा शेरा निरुपयोगी. ‘प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द तू गिळतेस आणि तेव्हा नजर जमिनीकडे जाते, पहिली तीन वाक्ये पुन्हा म्हण’ हा कामाचा. दुसऱ्यांदा म्हणायला लावतात का, हे सर्वांत महत्त्वाचे. बहुतेक ठिकाणी लावत नाहीत. बोलण्याआधी आणि नंतर भीतीला ० ते १०० पैकी गुण द्यायला सांगत असतील तर माणूस जाणकार आहे असे समजा. आठ आठवड्यांचे आकडे वहीत उतरले की प्रगती आहे की नुसता उत्साह, ते कळते.

पैसे न मोजता मिळणारी शाळाही आपल्याकडे आहे. वाचनालय, व्याख्यानमाला, महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ, बचत गटाची बैठक. तिथली चढण आपसूकच पायरीपायरीची असते : आधी आभार (चार वाक्ये, तीही ठरलेली), मग पाहुण्यांचा परिचय, मग प्रास्ताविक आणि शेवटी सूत्रसंचालन. चुकतात लोक ते इथे. हौसेने थेट सूत्रसंचालन अंगावर घेतात, मध्येच शब्द सुचत नाही, आणि पुढची पाच वर्षे माईकला हात लावत नाहीत. एका पायरीवर निदान तीन-चार वेळा उभे राहावे आणि भीतीचा आकडा निम्म्यावर आला की वर जावे. भीती ऐन भरात असताना व्यासपीठावरून खाली उतरू नये. तेव्हा पळ काढला तर मन एवढेच शिकते की पळालो म्हणून वाचलो. कागदात डोके घालून वाचणे किंवा माईक दोन्ही हातांनी गच्च धरणे या कुबड्याही एकेक करून सोडाव्या लागतात, नाहीतर यश कुबडीच्या खात्यावर जमा होते.

मोठ्या शहरांत टोस्टमास्टर्सचे, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचे, क्लब आहेत. सभा बहुधा इंग्रजीत चालते. पाहुणे म्हणून विनामूल्य बसता येते. सदस्यत्वाची वर्गणी सहा महिन्यांची असते. पहिले भाषण चार ते सहा मिनिटांचे, आयत्या वेळच्या विषयावर एक ते दोन मिनिटे. वेळ दाखवायला हिरवा, पिवळा, लाल दिवा. तुमचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजायला एक जण बसवलेला असतो. शिस्त चांगली आहे, पण शिकवणारा तज्ज्ञ तिथे नसतो. सदस्यच एकमेकांचे मूल्यमापन करतात. लाजरेपणा शब्दांपेक्षा शरीरात असेल, म्हणजे हात कुठे ठेवावेत तेच कळत नसेल, तर हौशी नाट्यसंस्थेची कार्यशाळा अधिक उपयोगी. एकांकिका बसवताना महिनाभर रोज तालीम होते आणि आपल्यावाचून दुसऱ्याचा प्रवेश अडतो, त्यामुळे दांडी मारता येत नाही.

आता नाजूक भाग. ‘कॉन्फिडन्स नाही’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. पुष्कळांना फक्त इंग्रजी येत नसते. मराठीत तीच मुले वर्ग दणाणून सोडतात. त्यांना भाषेचा वर्ग हवा. काहींना नुसता सराव हवा. काही जण बोलताना अडखळतात. त्यांना ‘श्वास घे, हळू बोल’ म्हणत स्टेजवर ढकलणारी शिबिरे नुकसान करतात, कारण स्वतःच्या तोंडावर पहारा ठेवायची सवय वाढली की अडखळणेही वाढते. त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला वाक् उपचारतज्ज्ञ गाठावा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; अडखळणाऱ्यांची संघटना ‘तिसा’ हिचे स्वमदत गटही भरतात.

चौथे म्हणजे सामाजिक भयगंड. चारचौघांत जेवता न येणे, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना घाम फुटणे, तोंडी परीक्षा चुकवण्यासाठी वर्ष सोडणे, घडून गेलेला प्रसंग रात्रभर उगाळत बसणे. असे सहा महिने किंवा अधिक चालले असेल आणि शिक्षण-नोकरी अडत असेल, तर तो वर्गाचा विषय नाही. त्यावर बोधात्मक वर्तनोपचार (विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारा उपचार) चालतो, साधारण १२ ते १६ बैठकांचा. झोप-भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे असे काही सोबत असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. भाषणाआधी छातीची धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून घेऊ नये. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते.

माणूस पारखायचा कसा? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर या विषयात पुढे शिकलेला डॉक्टर असतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्याची नोंदणी असते आणि औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (औषधाविना उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) म्हणवणाऱ्याची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे लागते. क्रमांक मागावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. मागितल्यावर रागावणाऱ्याकडे जाऊ नये. समुपदेशक, लाइफ कोच, माइंड ट्रेनर या पाट्या मात्र आज तीन दिवसांच्या प्रमाणपत्रावरही लागतात. सगळे भोंदू नव्हेत. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षे चोख काम करणारे समुपदेशक आहेत. म्हणून पदवी कोणती, उपचारपद्धती कोणती, साधारण किती बैठका लागतील, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले तर कोणाकडे पाठवता, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे नाव नाही, तो सगळ्यांवर एकच औषध चालवतो.

पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालते. कुठे जावे हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येते.

फीबद्दल थोडे. ‘आजच भरा, निम्मी सूट’ असे म्हणतील तिथे उद्या जावे. सोप्या हप्त्यांच्या कागदावर सही करण्याआधी पैसे कोण देतो आहे ते वाचावे. पुष्कळदा ते फायनान्स कंपनीचे तुमच्या नावावरचे कर्ज असते. वर्ग सोडला तरी हप्ता थांबत नाही. वर्ग सोडल्यास किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्यावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण समुपदेशन आणि नाटक त्यांतल्या ‘कोचिंग’च्या व्याख्येतून वगळले आहे. अर्थात २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सर्वांनाच लागू आहे. ‘भीती कायमची घालवू’ अशी हमी छापील असेल तर जाहिरातीचे कात्रण जपून ठेवावे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीत या वर्गांच्या जाहिराती येतात, त्यांत तुकडीची कमाल संख्या आणि शिकवणाऱ्याची पदवी (असल्यास नोंदणी क्रमांकासह) छापणे सक्तीचे करता येईल का? जाहिरातदारांचे दोन ओळींचे पैसे वाढतील आणि काही जाहिराती कदाचित येणारही नाहीत.

आपले,
समुपदेशन क्षेत्रात काम करणारे दोन वाचक, नाशिक