पप्याचा उतार

बेळगाव

प्रिय सुन्या,

घरी सगळे बरे. आईचा बीपी गोळ्यांवर ठीक आहे. तुझं नवीन घर लागलं का, वहिनींच्या बदलीचं काय झालं, कळव.

परवा राजहंसगडाखालच्या त्या उतारावरनं मी सायकल हातात धरून खाली आलो. होय, पप्याच्याच उतारावरनं. चढताना काही नव्हतं, दम पुरत होता. माथ्यावरनं चाक खाली वळलं आणि दोन्ही हात ब्रेकवर आवळले ते सुटेचनात. मागचं चाक लॉक होऊन घसरायला लागलं, तसा उतरलो.

तिथली जमीन तुला ठाऊक आहे. पावसात माती वाहून गेली की जांभ्याचे खडे तेवढे वर उरतात, हरभरे सांडल्यासारखे. वळणात ब्रेक दाबला की संपलं. वेग वळणाआधीच कमी करायचा, हात सैल, वजन मागं, नजर वळणाच्या पलीकडं. नव्या पोरांना हे मीच शिकवतो. पण तिथं आलं की माझी नजर नेमकी त्या बांधावर जाते, आणि नजर जाईल तिकडंच सायकल जाते.

पाय तयार आहेत रे. रविवारी खानापूरकडच्या पाणंदी पालथ्या घालतो, बोलता येईल एवढ्याच दमानं. आठवड्यात एकदा चढावर जोर. दर अर्ध्या तासाला चिक्की. (माझी अख्खी पिशवी तू संपवली होतीस, ते विसरलेलो नाही.) आणि हवेचं भांडण मीच जिंकलोय. टायर टणक हवं हा तुझा हट्ट! माझ्या वजनाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेसमध्ये ३५ पीएसआयच्या आत हवा ठेवली की खडीवर चाक उड्या मारत नाही, पकड धरतं, वेगही वाढतो. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या अनबाउंड शर्यतीला चकमकीच्या धारदार दगडांवरनं २०० मैल मारणारेसुद्धा रुंद टायरच घेतात. तिथं एकदा जायचं आपलं ठरलंय, मला अजून तेच हवंय.

पण उतरता आलं नाही तर कसलं अनबाउंड? घरात बोललो नाही. आई सायकलच विकायला लावेल. पोरं म्हणतात, सवयीनं जाईल. त्यांनी पप्याचं हेल्मेट उचललेलं नाही, आपण उचललंय. तुलाही तिथं असंच होतं का? खरं सांग.

दिवाळीला ये. त्या उतारावर तू पुढं हो, मी तुझ्या पाठीकडं बघत उतरतो. आणि येताना माझं हवेचं गेज आण, ते तुझ्याकडंच राहिलंय.

तुझा,
दिग्या