सत्तर तास आम्ही केलेच आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बड्या उद्योगपतींची पैसा, धंदा आणि यश यांवरची मतं आपल्या अंकात येतात, ती मी आवर्जून वाचतो. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले, तेव्हापासून तो वाद काही मिटलेला नाही. त्यावर सोलापूरच्या बाजूने बोलायचं आहे.

पूर्व भागात माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. वडील मात्र आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर राबले. बारा तासांची पाळी, सहा दिवस, म्हणजे ७२ तास झाले. रात्रपाळीहून यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा. आई आधी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसायची, मग चहा द्यायची. कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, संपली की माग थांबतो आणि थांबलेल्या मागाची मजुरी मिळत नाही, म्हणून डबा खातानाही त्यांचे कान खडखडाटाकडेच असत. आई घरी विड्या वळायची, तिचे तास तर कुणी मोजलेच नाहीत. या दोघांचे कष्ट कुठे कमी पडले, ते मला कुणी तरी सांगावं.

मूर्तींबद्दल मला मनापासून आदर आहे. १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवून दिलेल्या १० हजार रुपयांवर, हे ते दोघंही सांगतात. त्यांच्या यशाच्या गोष्टीत मला हे दहा हजार फार मोठे वाटतात. गरज होती तेव्हा पैसा हातात पडला. आमच्या सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद पुढे जहाजं, विमानं, मोटारींच्या धंद्यात गेले, पण आरंभ रेल्वेच्या ठेक्यांचा. भागीदार लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले, कामाची जाण त्यांची आणि भांडवल वालचंदांचं.

आमचं घोडं इथेच अडतं. सूतवाल्याची उधारी थोड्या दिवसांची, नंतर व्याज सुरू. कामगारांचा पगार दर आठवड्याला, तो चुकवून चालत नाही. वीजबिलही कुणासाठी थांबत नाही. आणि दिवाळीआधी पाठवलेल्या मालाचे पैसे एका बड्या खरेदीदाराने सहा महिन्यांनी दिले, तेही कापून. मधल्या काळात बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. म्हणजे त्या सहा महिन्यांत त्याचा धंदा माझ्या पैशावर चालला.

सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असा कायदा २००६ पासून आहे. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा धरायचा नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. मी त्या खरेदीदाराला फोनवर तिची आठवण करून दिली, तर समोरून उत्तर आलं, "मग पुढची ऑर्डर पानिपतला देतो." टॉवेल तिथेही बनतात. मी गप्प बसलो. आठ मागांवर जेवणारी घरं डोळ्यांसमोर होती.

संपादक महोदय, पुढच्या वेळी एखाद्या उद्योगपतीची मुलाखत घ्याल तेव्हा तो पहाटे किती वाजता उठतो हे विचाराच, पण छोट्या पुरवठादाराचं बिल किती दिवसांत चुकतं करतो, तेही विचारा. आणि त्याचं उत्तर ठळक अक्षरात छापा.

आपला नियमित वाचक,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर