टाचणात न मावणारा पाठ

संपादक महोदय,

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, वीस आठवड्यांवर गेली. वेळ वाढला, त्याबरोबर टाचणांच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांच्या, वह्यांचा ढीगही. मात्र वर्गात नेमके काय घडले, ते त्यात सापडत नाही. मी अध्यापकाचार्य, म्हणजे भावी शिक्षकांना शिकवणारी, आहे. या वह्यांवर सह्या मीच करते.

एका छात्राध्यापिकेने तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवली. टाचणात उद्दिष्टे, काड्यांचे गठ्ठे, मूल्यमापन, सगळे जागच्या जागी. चहा पिताना तिने सांगितलेला पाठ निराळाच होता. एका मुलाने ५२ वजा ३८ बरोबर २६ लिहिले. तिने फुली मारली, तर तो म्हणाला, "मॅडम, दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले." यावर काय बोलावे, तिला सुचेना. मूल स्वतःचे नियम रचते, हे तिने ज्ञानरचनावादाच्या (मूल आपले ज्ञान स्वतःच घडवते, या विचाराच्या) पेपरात नुकतेच लिहिले होते. मी म्हटले, हेच जसेच्या तसे लिहून काढ. आमच्या बी.एड.च्या वर्गात तिने ते वाचल्यावर तास संपला तरी वाद संपेना. फुली मारायची की आधी विचारायचे, यावरून बालमानसशास्त्रज्ञ पियाजे छात्राध्यापकांनीच चर्चेत ओढून आणला. एरवी तो परीक्षेच्या आदल्या रात्रीच भेटतो!

गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी आपले शिक्षणविचार एका शिक्षकाच्या गोष्टीतूनच मांडले, फजितीसकट. आपल्याकडे मागवल्या जातात त्या यशोगाथा, फोटोंसह. त्यांत मूल दुसऱ्या परिच्छेदातच प्रगत होते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले (शाळांच्या एका गटातले) रचनावादी काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. त्यानंतर कितीतरी शाळांच्या फरशा शिकण्याच्या आकृत्यांनी रंगल्या. ते काम उभे राहताना तिथल्या शिक्षकांचे काय काय फसले, ते ऐकायला मिळाले असते तर रंग थोडा कमी लागला असता.

आंतरवासितेतल्या काही टाचणांऐवजी फसलेल्या पाठाचा एक वृत्तान्त घ्यावा. मुलाचे नाव बदलावे, त्याचे शब्द बदलू नयेत. पाठ फसला म्हणून गुण कापू नयेत, नाहीतर महिनाभरात याच्याही तयार प्रती झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागतील. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे. त्यातले काही तास अशा वाचनाला द्यावेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राची जी शिक्षण परिषद भरते, तिच्यात परिपत्रकांच्या आधी अर्धा तास काढला तरी सुरुवात होईल.

– एक अध्यापकाचार्य, जि. सातारा