सतरा शेकेलांचं खरेदीखत

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

तुझा परवाचा फोन मनातून जात नाही. बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतलंस आणि विसाव्या अध्यायाला मिटून ठेवलंस. 'पानोपानी शिक्षाच आहे पप्पा, आणि लोक त्यातलं हिताच्या संकल्पांचं एकच वचन फ्रेम करून भिंतीला लावतात,' म्हणालीस. फोनवर मला नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी हे सांगतो, तू जिथे थांबलीस तिथे यिर्मयाचेही पाय अडखळले होते. विसाव्या अध्यायाच्या शेवटी तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. देवाचा न्याय सांगणाऱ्यालाच तो न्याय सोसवत नव्हता. तेव्हा तुला वाचवेना यात तुझं काही चुकलं नाही.

आता ते भिंतीवरचं वचन, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असं देव म्हणतो ते. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिलं, त्यात ते आहे. हनन्या नावाचा संदेष्टा तेव्हा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता. यिर्मयाने लिहिलं, 70 वर्षं. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेऊन ठेवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र वाचणारे बहुतेक तिथेच मरणार होते. हिताचे संकल्प त्यांना या हिशेबासकट कळवले होते. फ्रेममध्ये 70 वर्षं मावत नाहीत, म्हणून लोक ती गाळतात. मला ते पटत नाही.

पण मला तुला खरं सांगायचंय ते 32 व्या अध्यायाबद्दल. मी तीस वर्षं तहसील कचेरीबाहेर बसून दस्त लिहिले. देवळात प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण हा अध्याय मला माझ्या कामामुळे कळला.

काळ इ.स.पू. 587 च्या सुमाराचा. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला, तटावर चढायला रचलेले मातीचे मोर्चे भिडलेले, आत उपासमार. शहर पडणार असं बोलल्याबद्दल सिद्कीया राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलंय. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. जमीन भाऊबंदांबाहेर जाऊ नये म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात तशी सोय होती.

अनाथोथ यिर्मयाचं जन्मगाव, यरुशलेमेपासून जेमतेम पाच किलोमीटर. याच गावच्या लोकांनी पूर्वी त्याला ठार मारण्याचा कट केला होता. शेत वेढ्याच्या पलीकडे, घेणारा कैदेत. माझ्यासमोर असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी विचारलं असतं, बाबा रे, ताबा कुठून मिळणार?

यिर्मयाने ते शेत घेतलं. सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून दिलं, आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद, एक उघडी. चौकात बसलेल्या सगळ्यांदेखत त्या आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द होता.

आणि बाळ, हे सगळं रीतसर करून झाल्यावर तो प्रार्थनेला बसला. प्रार्थनेत काय म्हणतो? हे मोर्चे बघ, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! सही आधी केली, प्रश्न नंतर विचारला. देवाने प्रश्नाला शहर वाचवण्याचं वचन दिलं नाही. शहर जळेल, म्हणाला. जसं हे सगळं अरिष्ट मी आणलं, तसंच सगळं हितही मीच आणीन. दोन्ही एकाच तोंडून.

अरिष्ट का, ते 34 व्या अध्यायात आहे. वेढा पडल्यावर घाबरून यरुशलेमेच्या लोकांनी आपले इब्री, म्हणजे स्वतःच्याच लोकांतले, दासदासी मोकळे केले. मिसरचं, म्हणजे इजिप्तचं, सैन्य येतंय म्हणून खास्दी थोडे हटले, तसे त्याच माणसांना पुन्हा धरून गुलाम केलं. हे वाचल्यावर 'देव इतका कठोर का' हा प्रश्न माझ्या तोंडून निघत नाही. त्या परत धरून आणलेल्या बाईच्या जागी बसून वाच. तिच्यासाठी न्याय झालाच नसता तर पुढचं हित कुणाचं असतं?

1982 साली यरुशलेमेत दावीदनगराच्या उत्खननात एका घरात मातीच्या सुमारे पन्नास मोहोरा सापडल्या. दस्तांना लावलेल्या होत्या त्या. शहर जळालं त्या आगीत कागद गेले, पण त्याच आगीने माती भाजून पक्की झाली. त्यातल्या एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या याचं नाव आहे. हा तोच गमऱ्या असं बहुतेक अभ्यासक मानतात, ज्याच्या खोलीत बारूखाने यिर्मयाची गुंडाळी वाचून दाखवली होती. पुढे यहोयाकीम राजाने ती चाकूने कापून शेगडीत टाकली आणि यिर्मयाने पुन्हा सगळी सांगून लिहवून घेतली. त्या मोहोरेचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

यिर्मयाला ते शेत कधी कसायला मिळालं नाही. शहर पडल्यावर लोक त्याला मिसरला घेऊन गेले. त्याचं शेवटचं बोलणं आपल्याला तिथलंच ऐकू येतं.

आता एज्राचं पुस्तक काढ, दुसरा अध्याय. बाबेलहून परत आलेल्यांची यादी आहे, लोक ती वाचायचा कंटाळा करतात. तेविसाव्या ओळीवर बोट ठेव. अनाथोथचे लोक, 128.

आईचा गुडघा आता बरा आहे. रविवारी उपासनेनंतर फोन कर, तोवर 34 वा वाचून ठेव.

तुझे,
पप्पा