तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या दिवाणजींना

दिवाणजी,
सप्रेम नमस्कार.

बीए इकॉनॉमिक्सचा शेवटचा निकाल लागला आणि कांद्याच्या आडतीवरच्या, म्हणजे विक्रीवरच्या दलालीवरच्या, माझ्या प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले, हे बाबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. तुम्ही आडत्याच्या गाळ्यावर हिशेब सांभाळता, पण आभाराच्या पानावर तुमचं नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून तिथे ‘एक अनुभवी दिवाणजी’ एवढंच छापलं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्यामुळे नाव न घेता, पण सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितेय.

बाबा मार्केटमधल्या हमालांच्या टोळीत माथाडी, त्यामुळे मार्केट आमच्या कोपरखैरण्याच्या घरात रोजच बोललं जायचं. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे त्यांच्या कामाला पीएफ आणि बोनसचा आधार आला, आणि माझं शिक्षण त्यावरच झालं. पण कांद्याचा भाव आज का पडला, याचं उत्तर घरात ‘आवक वाढली’ याच्यापुढे जायचं नाही. कॉलेजात मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे भाव ठरायचा. दोन्ही उत्तरं खरी होती. मधला रस्ता तुम्ही दाखवलात.

पहिल्या भेटीत तुम्ही मला आकडे दिले नाहीत, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची हिशेबपावती, वाचायला शिकवली. वक्कल म्हणजे मालाचा लॉट, मग वजन, भाव. त्याखाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. आणि सगळं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. ‘भाव वरून वाचू नकोस, खालून वर वाच,’ असं तुम्ही म्हणालात. शेठची परवानगी तुम्हीच काढलीत. शेतकऱ्यांची नावं मला दिसू नयेत म्हणून प्रत्येक पट्टीवर कोरा कागद धरून बसायचात, तेही सकाळची गर्दी ओसरल्यावर, तुमच्या जेवणाच्या वेळेत. संशोधनातली सचोटी आम्हाला एका लेक्चरमध्ये शिकवली होती. मी ती तुमच्या गाळ्यावर पाहिली.

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता: आडत भरणारा बदलला, पण सोसणारा बदलला का? पुस्तक सांगतं की कर किंवा दलाली कायद्याने कुणावरही टाका, खरा भार त्याच्यावरच जातो ज्याला मागे हटता येत नाही. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलंत: ‘खरेदीदार खिशातून काही घालत नाही, बोलीतूनच वजा करतो.’ ट्रक गाळ्यासमोर उभा राहिला की त्या दिवसाचा पुरवठा ठरलेला. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी हीच गोष्ट मासळी बाजाराच्या उदाहरणाने मांडली होती. ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती, समजली मात्र तुर्भ्याला.

मग तुम्ही मला लाल आणि उन्हाळी कांद्याच्या पट्ट्या वेगळ्या करायला लावल्या. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो विकावाच लागतो. रब्बीचा उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे शेतावरच्या साठवणुकीच्या शेडमध्ये, महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे शेतकऱ्याला थांबता येतं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली ती नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. थांबायची सोय नसलेल्या शेतकऱ्यावरच तो घाव बसला. या एका वर्गवारीमुळे माझा प्रोजेक्ट उभा राहिला, नाहीतर नुसत्या सरासरीत सगळं बुडून गेलं असतं.

फायनान्सच्या पेपरात खेळतं भांडवल हा धडा होता. तुमच्या खातेवहीत तो रोजचा व्यवहार होता: शेतकऱ्याची पट्टी लगेच चुकती करायची आणि किरकोळ व्यापाऱ्याची उधारी आठ-पंधरा दिवसांनी यायची. मधल्या दिवसांचा पैसा कुणाचा, त्याचं व्याज आडतीत किती दडलंय, हे तुम्ही गाळ्याचा कारभार न झाकता समजावलंत. आडत्याला नुसता दलाल म्हणून मोडीत काढणारे आणि त्याला शेतकऱ्याचा तारणहार म्हणणारे, दोघांशीही माझं आता पटत नाही.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तुम्ही माझ्याशी वाद घातलात. ‘साठवता येणारा कांदा असेल तर शेतकऱ्याला आडतीचा काही भार खरेदीदारावर ढकलता येतो,’ असा माझा निष्कर्ष होता. तुम्ही चष्मा काढून विचारलंत, ‘आणि ज्याच्या डोक्यावर गावच्या शेतकी सोसायटीचं कर्ज आहे त्याचं काय? त्याची चाळ भरलेली असली तरी तो थांबेल का?’ मालाची टिकण्याची ताकद आणि माणसाची थांबण्याची ताकद मी एकच धरली होती. मार्गदर्शक मॅडमनाही हा मुद्दा सुचला नव्हता, त्यांनी तो मुद्दाम वेगळ्या प्रकरणात लिहायला लावला.

एमएला मला नेमकं त्यावरच काम करायचंय: शेतकऱ्याचं कर्ज आणि त्याची विकण्याची तारीख. पट्टीवर कर्ज दिसत नाही, पण त्याने गाळ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती का हे तुमच्या खात्यात दिसतं. शेठना आणि त्या शेतकऱ्यांना चालणार असेल तरच विचारेन. प्रोजेक्टची बांधलेली प्रत बाबांबरोबर पाठवते आहे. शेवटच्या प्रकरणात तुमची हरकत जशीच्या तशी नोंदवली आहे. मी दिलेलं उत्तर पटलं नाही तर पेन्सिलने तिथेच लिहा.

तुमची,
टोळीतल्या बाबांची मुलगी
कोपरखैरणे, नवी मुंबई