कालीहून आत्याला

काली, कोलंबिया
रविवार, दुपार

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझे रात्रीचे दहा, म्हणजे आमचे सकाळचे साडेअकरा. मी साखरेच्या मिलमध्ये होते. टर्बाइनच्या आवाजात तू एकच विचारलंस, "रात्री नाचायला जातेस म्हणे?" मी "हो" म्हणाले आणि रेंज गेली. त्या एका "हो"वर तू काय काय रचलं असशील ते मला माहीत आहे. फोटो बंटीने दाखवला हेही कळलंय. म्हणून सविस्तर लिहिते. बंटीलाच प्रिंट काढून द्यायला सांग.

आधी शहराचं नाव. काली, पण देवीचा काही संबंध नाही. भोवती सगळा ऊस. गाडी शहराबाहेर पडली की थेट आपल्या शिरोळ-जयसिंगपुराकडे आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की इथे गळीत हंगाम म्हणून नाही, ऊस बारा महिने तुटतो. त्यामुळे कारखाना बंद आणि माणसं मोकळी असं कधी होत नाही. शनिवारची रात्र हीच काय ती मोकळीक, आणि त्या रात्री हे शहर साल्सा नाचतं. नावापुरतं नाही. डिसेंबरात 25 ते 30 तारखेला इथे जत्रा भरते, तिची सुरुवातच रस्त्यावरून नाचत जाणाऱ्या हजारभर नर्तकांनी होते.

पहिल्यांदा गेले ते एका चकचकीत ठिकाणी. बाहेरून आलेल्यांना सगळे तिथेच पाठवतात. नाचणाऱ्यांपेक्षा मोबाइल धरणारे जास्त. एकाने मला नाचायला नेलं आणि लाटणं फिरवावं तशी गरागरा फिरवली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझा खांदा दोन दिवस धरला. तेव्हा तुझी आठवण आली. गौरीच्या जागरणात मला फुगडी शिकवताना तू म्हणायचीस, "हात ओढू नकोस, भार दे." आत्या, साल्सातही तेच आहे. दोघांनी हातात सारखा भार ठेवायचा. ज्याने ओढलं त्याने नाच घालवला.

आता मी जाते ती जागा बार्रियो ओब्रेरो नावाच्या जुन्या कामगारवस्तीत आहे. ऑफिसमधल्या दोघी आणि त्यातल्या एकीचा नवरा बरोबर असतो, ठरलेला टॅक्सीवाला आहे, आणि फोन मी टेबलावर ठेवत नाही. इथली म्हणच आहे, "पपई देऊ नकोस", म्हणजे चोराला आयती संधी देऊ नकोस. एवढ्यावर तुझी काळजी मिटावी.

खोली आपल्या सोप्यापेक्षा थोडी मोठी. गुळगुळीत फरशी, कारण फरशी खडबडीत असली तर गिरकीत तळवा अडकतो आणि गुडघा बोंबलतो. मी तर चांभाराकडून बुटाला चामड्याचा तळ लावून घेतला. भिंतीवर जुन्या रेकॉर्डींची कव्हरं. गाणी लावणारा माणूस हा तिथला खरा मालक. तीन पळवणारी गाणी झाली की एक संथ लावतो, लोकांना घाम पुसू देतो, आणि खोली पेंगायला लागली की असं काही काढतो की म्हातारेकोतारे खुर्ची सरकवून उठतात. इथले पाय इतके झरझर चालतात त्याचीही एक गोष्ट सांगतात. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कहून आलेल्या रेकॉर्डी इथल्या लोकांना संथ वाटायच्या, म्हणून मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी सरळ 45 फेऱ्यांच्या वेगाने लावायचे! तेव्हापासून पाय पळतात ते पळतातच. कमरेच्या वर मात्र माणूस शांत.

ताल आठ मात्रांचा. एक-दोन-तीन पावलं, चारला थांबायचं. पाच-सहा-सात, आठला थांबायचं. खाली टिपऱ्यांसारख्या दोन लाकडी दांड्यांचा ठेका चालू असतो. गाणं अर्ध्यावर आलं की मुख्य गायक मनाने ओळी रचत जातो आणि मागचे एक ठरलेली ओळ परत परत घेतात, अगदी शाहीर आणि झीलकरी. तेव्हा गिऱ्हाइकंसुद्धा खिशातून घंटा काढतात. खरंच घंटा! बैलाच्या गळ्यातली असते तशी, फक्त आत लोळी नाही, काठीने वाजवायची. घरून घेऊन येतात.

काल सत्तरीचे एक आजोबा आले. पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट. "बायलामोस?" म्हणजे नाचू या का. मी दुसऱ्याच ओळीला चुकले, चारला थांबायचं विसरून त्यांच्या बुटावर पाय दिला. पांढऱ्या बुटावर! त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. आपलं पाऊल निम्मं केलं, हाताचा दाब किंचित वाढवला आणि म्हणाले, "देस्पासियो", सावकाश. तिसऱ्या फेरीला माझे पाय आपोआप थांबायला लागले. मग बोटानेच कळवून त्यांनी एकच गिरकी दिली, ती मला झेपेल एवढीच. गाणं संपल्यावर टेबलापर्यंत सोडून गेले आणि लगेच आमच्या शेजारची, अर्धा तास एकटी बसलेली बाई उठवली. माझ्या मते रात्र चांगली गेली की नाही हे तिथेच ठरतं. तिथे कोणी फार वेळ बसून राहत नाही. नाही म्हटलं तरी कोणी तोंड पाडत नाही. मीही दोनदा म्हटलं, पाय भरून आले होते.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर एम्पानाडा खाल्ले. मक्याच्या पिठाची तळलेली करंजीच, आत बटाटा आणि मांस, वर झणझणीत चटणी. झणझणीत त्यांच्या मते.

इथे म्हाताऱ्यांसाठी रविवारी दुपारी वेगळा नाच असतो, विएहोतेका म्हणतात. त्या आजोबांनी बोलावलंय, आज चार वाजता. तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे अडीच असतील, म्हणून फोन करत नाही. व्हिडिओ बंटीला पाठवते. पायांकडे बघ, चुकलं असेल तर सांग.

गुडघ्याला तेल लावतेस ना? आईला हे पत्र वाचून दाखव, फक्त काल घरी किती वाजता आले असं तिने विचारलं तर तुला माहीत नाही.

तुझी,
छकुली