कपॅसिटर सरसकट बदलू नका

मा. संपादक,
स. न.

दिवाळीच्या आवराआवरीत नाशिकमध्येही माळ्यावरचे जुने ॲम्प्लिफायर खाली उतरतात. भंगारात देण्याऐवजी ते घरीच उघडून पाहणारी मुलं आहेत, हे चांगलंच. पण सेट घुमतोय, म्हणजे सतत ‘हम्म’ असा आवाज येतोय म्हटलं की ‘सगळे कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) बदल’ हा सल्ला त्यांना मिळतो आणि तिथेच घोळ होतो. एखादा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे धन-ऋण पाय ठरलेला कपॅसिटर, उलटा बसून फुटतो, बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्यातल्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३५-४० व्होल्ट उरू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नये. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन पायांमध्ये क्लिपच्या वायरने जोडून अर्धा मिनिट ठेवावा. ४७०० मायक्रोफॅरड क्षमतेच्या कपॅसिटरला तेवढा वेळ पुरतो. मग मीटरवर व्होल्टेज १ च्या खाली आल्याची खात्री करावी. ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असलेला होम थिएटर मात्र नवशिक्याने उघडूच नये. तिथे ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज असतो.

आवाज शून्यावर आणूनही घुमणं तसंच राहिलं, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. आवाजाच्या नॉबबरोबर ते कमी होत असेल, तर दोष नॉबच्या आधी: केबल, ग्राउंड किंवा प्रीॲम्प (आलेला सिग्नल आधी वाढवणारा भाग). एकाच बाजूचा बेस गेला असेल, तर त्या चॅनलचे कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारे, पाहावेत.

कपॅसिटर मोजताना त्याचा एक पाय सोल्डरमधून सोडवावाच, नाहीतर समांतर जोडलेले भागही मोजले जातात. साधारण ±२० टक्के फरक चालतो, म्हणजे ४७०० चा ३७०० भरला तर तो गेला. उलट ६००० दाखवला म्हणून खूश होऊ नये. गळका कपॅसिटर, म्हणजे ज्यातून डीसी करंट झिरपतो तो, बऱ्याचदा जास्तच दाखवतो. आकडा बरोबर असूनही आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढलेला असू शकतो. तो साध्या मल्टिमीटरवर कळत नाही. त्यासाठी ईएसआर मीटर हवा. किती ओहम चालतील हे कपॅसिटरच्या आकारावर ठरतं, पण स्टिरिओत एक सोय आहे: दुसऱ्या चॅनलवर जुळा कपॅसिटर असतोच, त्याच्याशी ताडून पाहावं.

घरात काट्याचा जुना मीटर असेल तर गळती त्यावर छान कळते. ओहमच्या रेंजवर अशा बहुतेक मीटरांची काळी वायर धन असते, हे विसरू नये. काटा उडून हळूहळू परत अनंताकडे गेला पाहिजे. मध्येच अडला तर गळती आहे.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं. स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) नॉन-पोलरच, म्हणजे धन-ऋण पाय नसलेला. पहिल्यांदा सुरू करताना ६० वॅटचा तारेचा बल्ब ॲम्प्लिफायरच्या मेन्स वायरीत सिरीजमध्ये लावावा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, तसाच झगझगीत राहिला तर लगेच बंद. स्पीकर जोडण्याआधी ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरचे डीसी व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या आत आहे ना, तेही बघावे.

एक विनंती एमजी रोड परिसरातल्या सुट्या भागांच्या दुकानदारांना: काउंटरवर एलसीआर मीटर (कपॅसिटरची क्षमता मोजणारा) ठेवून कपॅसिटर ग्राहकासमोर मोजून द्यावा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला मालही ‘नवा’ म्हणून विकला जातो.

– एक ऑडिओ दुरुस्तीकार, सिडको, नाशिक